चाळीस दिवसांचा शेक

माझं नाव कडूबाई. आईची आधीची चार लेकरं गेली, पाचवी मी. काळानं तोंड लावू नये म्हनून कडू नाव ठिवलं. काळानं न्हाई लावलं, पन मानसंबी माझ्याशी जरा बेतानंच बोलतात. नाव कडू आन जीभ त्याहून कडू. पाथर्डीच्या दवाखान्यात मी सतरा वर्सं आया हुते. आता तू नवी नर्सपोर माझ्या मागं लागलीस, मावशे, त्या दमयंतीबाईंचं सांग की, लई धीराच्या हुत्या म्हनं. धीराच्या! अगं बाई, दमयंतीबाईंइतकं भित्रं मानूस मी उभ्या जन्मात बगितलं न्हाई. ऐकायचं तर खरं ऐक.

कुत्र्याला भ्यायच्या. पावसाळा असो नसो, काखेत छत्री, ती कुत्र्यासाठी. मुंबईचं पत्र आलं की पाकीट फोडायच्या आधी दोन येळा पदराला हात पुसायच्या. दवाखान्याच्या कमिटीतलं कोनी आलं की आवाज असा खाली जायचा, की समोरच्यानं कान फुडं करावा. बामनाघरच्या, नगरच्या. नवरा तापानं गेला तवा भावानं, सुमंतरावानं, चार लोकांचं बोलनं खाऊन त्यांना पुन्याला नर्सिंग शिकाया धाडलं. सुमंतराव शाळामास्तर, वाकडं बोलनारे त्यांच्या आळीतच लई. बाई भीतभीत शिकल्या, भीतभीत पास झाल्या, आन लढाई संपली त्या सालाला भीतभीतच आमच्या गावाला आल्या. अंगावर मांस म्हनून न्हाई, पन चालायच्या अशा की मागं औशधाची पेटी घिऊन मी पळायची. मी म्हनायची, बाई, भूत लागलंय का मागं? तर म्हनायच्या, कुत्रं आहे.

कॅन्सर हे नाव तवा आमच्याकडं कोनी तोंडानं घेत नव्हतं. 'ती गाठ' म्हनायचे, न्हाईतर नुसतंच बोट दाखवायचे. ज्याला झाली तो गेला, असंच धरून चालायचे. मुंबईला मोठ्या इस्पितळात त्याच्यावर इलाज हाय असं कानावर यायचं, पन तिथं जाऊन जितं परत आलेलं मानूस मी पाथर्डीत पयलं बगितलं ते गौहर.

गौहर म्हंजी रशीद पिंजाऱ्याची बायको. तिशीच्या आतबाहेरची. रशीद कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायचा. त्याच्या धनुकलीचा तांय तांय आवाज वेशीपस्तोर यायचा. गौहरला गर्भाच्या पिशवीच्या तोंडाशी गाठ आली. रशीद तिला मुंबईला घिऊन गेला, दोन महिने तिथंच धर्मशाळेत पडून ऱ्हायला. डॉक्टरांनी पोटात आतून रेडियम नावाचं औशीद ठिवलं आन वरून मशिनीनं किरन सोडले. भादव्यात तिला घरी आनलं, संगं आमच्या दवाखान्याच्या नावानं इंग्रजी पत्र.

आमचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच नगरहून मोटारीनं यायचे, त्यामुळं पत्र बाईंनीच वाचलं. हात पुसून. मंग मला मराठीत सांगितलं. चाळीस दिवसांनी हिला परत घिऊन या, रेडियम दुसऱ्यांदा ठिवायचं हाय. दुसरं ठिवलं तरच पयल्याचा उपेग, न्हाईतर समदं मातीत. तवर पोटाची कातडी जिवापाड जपा. किरनांनी ती आधीच करपलीय. ऊन नको, गरम पानी नको, चोळनं नको. कातडी फुटली तर दुसरं रेडियम ठिवता यायचं न्हाई. एवढंच. पन बाई ते पत्र तीनदा वाचत बसल्या. मी म्हनले, आता काय पाठ करताय का? म्हनल्या, "कडूबाई, इलाज करणारे मुंबईला आहेत. इलाजानंतरचं सगळं आपल्या गळ्यात."

पयल्या दिवशी गेलो तर गौहर मागल्या खोलीत एकटी. तिचा पेला येगळा, ताटली येगळी. पाच वर्सांची पोरगी मुमताज उंबऱ्याभाईर उभी राहून आईकडं बगायची; आत पाऊल टाकलं की आजी दंडाला धरून मागं ओढायची. ही आजी म्हंजी रशीदची आई, शमशादबी. घरात शब्द तिचाच. कानानं मात्र अधू. ती म्हनायची, रोग उडतो, आन सुनेच्या पोटात ईज भरलीय, लेकराला चटका बसायचा. रशीद मान खाली घालून ऐकायचा.

बाईंनी समदं बगितलं. गौहरच्या बाजेशी गेल्या, तिच्या पेल्यात थोडं पानी ऱ्हायलं हुतं, ते उचललं आन गटागटा पिऊन टाकलं. अगं, त्या काळात! बामनाची इधवा, मुसलमानाच्या घरात, आजाऱ्याचं उष्टं पानी! माझ्याच घशाला कोरड पडली. मी मराठ्याची, मीबी तवा त्यांच्याकडं पानी पीत नव्हते. पन मी जवळ हुते म्हनून सांगते, तो पेला त्यांच्या हातात थरथरत हुता. शमशादबी बगतच ऱ्हायली. दुसऱ्या घडीला मुमताज आईच्या कुशीत हुती. वाटंनं मी म्हनले, आता घरी जाऊन अंगावर पानी घेनार का? तर म्हनल्या, अंघोळ मी रोजच करते.

पन त्याच दिवशी माझ्या तोंडानं घात केला. तेच सांगायचंय.

बाई अंगनात रशीदला समजावत हुत्या: ऊन नको, गरम नको, चोळनं नको. मला म्हनल्या, म्हातारीला तू सांग, तिला माझं बोलणं ऐकू येत नाही आणि कळतही नाही. किरणांचं काम अजून आत चालू आहे, सहा आठवडे चालणार, त्यात आपण ढवळाढवळ करायची नाही, असं सांग. आता किरन हा शब्द मी म्हातारीच्या बहिऱ्या कानात कसा घालू? मला सुचला तो शब्द मी घातला. तिच्या कानाशी तोंड नेलं आन वरडले, "शमशादबी, मुंबईला इजेचा शेक दिलाय. त्या शेकाचं काम पोटात अजून चालू हाय. चाळीस दिवस चालू ऱ्हानार. चालू ऱ्हाऊ द्या." म्हातारीनं मान डोलवली. म्हनली, कळलं. मला काय, सुटले एकदाची. गरम लावू नका, हे सांगायचं ऱ्हायलं. म्हनले, ल्योकाला सांगितलंच हाय, तो सांगंल की.

ल्योक कसला सांगतोय! बायकोच्या ओटीपोटाची गोष्ट, आईला तोंड वर करून कशी सांगावी? लाजला मेला. बसला गप.

तिसऱ्या दिवशी नगरहून तार आली. सुमंतरावांना मुदतीचा ताप. बाई रजा टाकून गेल्या. जाताना मला बजावलं, गौहरकडं एकाआड एक दिवस जाऊन ये. मी गेले एकदा. शमशादबी दारातच भेटली. म्हनली, झोपलीय ती, तुमी सांगितल्यापरमानं समदं चाललंय. मीबी दारातूनच परतले. त्या आठवड्यात दवाखान्यात खोकल्याच्या पोरांची झुंबड हुती, माझा जीव मेटाकुटीला आल्ता. झुंबड नसती तरी मी आत गेले असते का? खरं सांगू, नसते. पाय कंटाळा करीत हुते.

सुमंतरावांचा ताप उतरला तशा बाराव्या दिवशी बाई परत आल्या. मोटारीतून उतरल्या त्या घरीबी न जाता पिंजाऱ्याच्या आळीला निघाल्या, पेटी घिऊन मी मागं. आळीत वळलो आन बाई थबकल्या. म्हनल्या, आवाज येत नाही. खरंच, धनुकलीचा आवाज नव्हता. आवाज नव्हता पन वास हुता. ओवा, शेपा, कांद्याची टरफलं, निखाऱ्यावर टाकलेली. तुला ठावंच हाय तो वास, बाळंतिनीच्या खोलीचा. म्हनले, बाई, आळीत कोनी बाळंत झालंय जनू. पन वास रशीदच्या घरातूनच येत हुता.

मागल्या खोलीला दार लावलेलं, खिडकीला गोधडी. आत धूर, डोळं उघडंना. बाजंखाली शेगडी, लालभडक. शमशादबी तव्यावर फडकं तापवायची आन सुनेच्या पोटावर दाबायची. मोठ्या मायेनं, बरं का. कपाळावरचा घाम पुशीत, तोंडानं अल्लाचं नाव घेत. चाळीस दिवस म्हनलं की तिच्या डोक्यात छिल्ला, बाळंतिनीचे चाळीस दिवस. शेक म्हनलं की शेगडी. तिनं सात बाळंतपनं तशीच काढली हुती. तिचं काय चुकलं? आन गौहर रजईचा कोपरा दातात धरून पडली हुती. रडत नव्हती. डोळं आढ्याला लावलेलं.

कुत्र्याला भिनाऱ्या त्या बाईंनी पदराचं टोक हाताला गुंडाळलं आन ती शेगडी फरफटत अंगनात नेली. पदर जळाला. खिडकीची गोधडी ओढून काढली. मंग गौहरच्या पोटावरचं फडकं उचललं. फडक्यासंगट कातडी आली. बेंबीखाली वीतभर जागा उघडी, लाल, पानी सुटलेली. मी तोंड फिरवलं.

बाईंनी इचारलं, "शेक द्यायला कोणी सांगितलं?"

शमशादबी बावरली. म्हनली, "तुमीच की. चाळीस दिवस शेक चालू ठिवा म्हनलात."

तिनं माझ्याकडं बोट न्हाई केलं. तिच्या लेखी बाई आन मी एकच, दवाखान्याचं मानूस. पन बाईंनी माझ्याकडं बगितलं. एकदाच. त्यांना कळलं, आन त्यांना कळलं हे मला कळलं. माझी जीभ, जी रोज चार गावाला पुरून उरायची, ती टाळूला चिकटली. डोक्यात एकच: नोकरी गेली. आन तिच्या मागं दुसरं: ही बाई मेली तर मी मारली.

बाई शमशादबीच्या कानाशी वाकल्या आन मोठ्यानं म्हनल्या, "माझी चूक झाली. मी नीट सांगितलं नाही." मी तिथंच उभी हुते, पेटी धरून. मी काय बोलले न्हाई. त्या घराभाईर आजवर न्हाई बोलले कोनापाशी, तुला सांगतेय.

रशीद आला. त्यानं आरडाओरडा केला न्हाई. पोटाची जागा बगितली, भाईर आला, आन बाईंना म्हनला, तुमी आता माझ्या घरात पाय ठिवू नका. बाईंनी मान हलवली. आन दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला त्याच्या ओट्यावर जाऊन बसल्या. मी मागं. आळीतली बायामानसं दारात यायची, बगायची, आत जायची. बाईंचं अंग थंडी भरल्यावानी कापत हुतं. मी म्हनले, चला बाई, अंगावर धावून येतील. त्या म्हनल्या, "येऊ देत. जखमेवर माशी बसली तर गौहर संपली." चांगली चार घटका बसलो तवा मुमताज भाईर आली आन बाईंचं बोट धरून त्यांना आत घिऊन गेली. रशीद आडवा न्हाई आला.

तिथून फुडं रोज. चाळीसातले बारा गेलेले, ऱ्हायले अठ्ठावीस. अठ्ठावीस दिवसांत ती जागा भरायला पायजे, न्हाईतर दुसरं रेडियम न्हाई, आन रेडियम न्हाई तर गौहर न्हाई. एवढं सरळ. मिठाचं पानी उकळून निववायचं, त्यानं जागा धुवायची. मंग मच्छीच्या तेलात भिजवलेली पट्टी. त्या तेलाचा वास, बाई गं! हाताला, लुगड्याला, भाकरीलाबी यायचा. कापडाला तवा रेशन, पट्ट्या मिळायच्या न्हाईत, तवा त्याच त्याच धुवायच्या, उकळायच्या, वाळवायच्या. कापूस मात्र रशीदनं दिला. सगळ्यात मऊ पेळू निवडून फडक्यात बांधून दाराशी ठिवायचा.

बाईंची मोजायची एक रीत हुती. रशीदच्या कापसाचं सूत घ्यायचं, उकळायचं, जखमेच्या ह्या कडंपासून त्या कडंपस्तोर हवेत धरायचं, कातडीला न लावता, आन तिथं गाठ मारायची. दर आठ दिवसांनी नवं सूत. खिळ्याला शेजारी शेजारी टांगायची. पयलं सूत वीतभर. दुसरं जवळजवळ तेवढंच. ते दुसरं टांगलं त्या दिवशी बाई परसात गेल्या आन भडाभडा वकल्या. मी पाठ चोळाया गेले तर हात झिडकारला न्हाई.

गौहर मात्र शहान्यावानी पडून ऱ्हायची. बाई रोज इचारायच्या, दुखतं का? न्हाई. आग होते का? न्हाई. झोप लागली का? लागली. हसूनसुदिक दाखवायची. मी म्हनायची, बाईमानूस असावं तर असं. मला तिच्या डोळ्याला डोळा लावायची हिंमत हुत नव्हती, म्हनून मी तिचं लई गुनगान करायची.

तिसरं सूत चार बोटं. चौथं अडीच. आन चाळीस दिवस सरले. अडीच बोटं जागा अजून उघडीच.

बाई मुंबईला पत्र लिहाया बसल्या. सकाळपासून तीन कागद फाडले. मी फरशी पुशीत हुते, पुसलेलीच परत परत पुशीत हुते. शेवटी इचारलं, काय लिवलंय? त्यांनी मराठीत वाचून दाखवलं: समजावून सांगण्यात माझी चूक झाल्यामुळं रुग्णाची कातडी भाजली, तरी जखम भरत आहे, कृपा करून मुदत वाढवून द्यावी. खाली स्वतःचं नाव. मी म्हनले, "बाई, शब्द तर..." फुडं तोंडातून निघंना. त्या म्हनल्या, "सांगायचं काम माझं होतं. मी ते तुझ्या तोंडी दिलं आणि अंगणात उभी राहिले. पत्र टपालात टाकून ये." कमिटीनं नंतर त्यांना बोलावून खडसावलं, बाराव्या दिवसापस्तोर कुठं हुता म्हनून. भाऊ आजारी हुता, हेसुदिक त्यांनी सांगितलं न्हाई. खालच्या आवाजात व्हय व्हय म्हनून भाईर आल्या.

आठव्या दिवशी मुंबईचं कार्ड आलं. जागा भराया पंधरा दिवस, त्याहून एकबी जास्त न्हाई. त्यातले आठ तर कार्ड यायच्या आतच गेल्ते. ते सात दिवस मी कसे काढले, माझं मला ठावं. आमच्या खंडोबाला नवस बोलले, मोहट्याच्या देवीला बोलले, आन पिंजाऱ्याच्या आळीतल्या पिराच्या कट्ट्यालाबी हात लावला, कोन बगतंय! सातव्या दिवशी पट्टी सोडली. पट्टी कोरडी निघाली. जागेवर कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, गुलाबी कातडी. बाईंनी सूत हातात घेतलं हुतं, ते तसंच परत पेटीत ठिवलं. मोजाया काय नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं नगर, तिथून आगगाडीनं मुंबई, असं ठरलं. बाई रशीदला कागद समजावत अंगनात बसल्या. आन या खेपंला शमशादबीलाबी जवळ बसवलं, स्वतः कानात वरडून सांगितलं, तिच्या तोंडून तीनदा परत म्हनून घेतलं. मी आत गौहरचं बोचकं बांधत हुते. म्हनले, आता न्हाई तर कवाच न्हाई. बोचक्याची गाठ मारली आन म्हनले, "गौहर, तुला भाजलं ते माझ्या तोंडामुळं. शेक हा शब्द बाईंचा न्हाई, माझा हुता. त्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं."

मला वाटलं शिव्या देईल. ती हसली. म्हनली, "मला ठावं हाय. मी जागी हुते. तू 'चालू ठिवा' न्हाई म्हनलीस, 'चालू ऱ्हाऊ द्या' म्हनलीस. बाई अंगनात म्हनत हुत्या, गरम लावू नका. तेबी मी ऐकलं."

मी बोचकं सोडून दिलं. "ऐकलंस? मंग सासूला सांगायला तुझी जीभ झडली हुती का?"

तिनं दाराकडं बगितलं, मुमताज तिथं कापसाशी खेळत हुती. मंग हळू म्हनली, "मुंबईला माझ्या शेजारच्या खाटंवर एक बाई हुती. बरी होऊन घरी गेल्ती. आठ महिन्यांनी गाठ उलटली म्हनून परत आली. परत आली ती न्हाईच गेली. मला वाटलं, इजेनं जाळलं त्यातून चिमूटभर जरी मागं ऱ्हायलं असंल, तर या शेकानं जळंल. कातडी जाईना का. त्याला परत यायला जागाच ऱ्हाऊ नये."

अगं, मला असा संताप आला! वाटलं, दोन थोबाडीत द्याव्या. दोन म्हयने आमी जीव टांगून ठिवलाय आन ही बया आपलीच आपन भाजून घेत पडली! हात उगारलाबी असंल मी. आन तसाच खाली आला. तिच्या पेल्यात पानी हुतं. मी ते पिऊन टाकलं. का ते मला इचारू नको, घसा सुकला हुता म्हन.

वाटंनं बाईंना समदं सांगितलं. मला वाटलं, त्यांच्या डोक्यावरचा भार उतरंल. म्हनले, बघा, तुमची चूक न्हाई आन माझीबी न्हाई, तिनं जानून करून घेतलं. बाई रस्त्यात उभ्या ऱ्हायल्या. म्हनल्या, "अठ्ठावीस आणि पंधरा, त्रेचाळीस दिवस मी तिला विचारत होते, दुखतं का, आग होते का. जे मला स्वतःला रोज होतं, ते तिला होत असेल, हे माझ्या डोक्यात नाही आलं."

गौहर जगली का, हे तू इचारनार. जगली. दुसरं रेडियम ठिवलं, परत आली, मुमताजचं लगीन बगितलं, शमशादबीला पोचवलं, आन आता रशीद थकलाय पन त्याच्या रजया तीच शिवती. बाईंची फुडं राजूरला बदली झाली, डोंगरात. तिथं कुत्री लई, असं पत्रात लिवलं हुतं. पन ते नंतरचं. त्या दिवशी काय झालं ते ऐक.

बाई मागं वळल्या. आळीच्या तोंडाशी सहादेव न्हाव्याचं पिवळं कुत्रं आडवं पडलं हुतं. रोज त्याला वळसा घालून जायच्या. त्या दिवशी त्याच्या अंगावरून पाय टाकून गेल्या, आन त्या मुडद्यानं मान वर करूनबी बगितलं न्हाई. आत जाऊन गौहरच्या बाजंवर बसल्या. पेटी उघडली न्हाई, पट्टी बगितली न्हाई. छत्री मांडीवर आडवी, दोन्ही हातांनी धरलेली.

म्हनल्या, "गौहर, भीती वाटते का?"

गौहर म्हनली, न्हाई.

बाई उठल्या न्हाईत. भाईर रशीदनं धनुकली उचलली असंल, तांय तांय सुरू झालं, किती येळ चाललं कुनास ठावं. मी दाराशी उभी. मंग बाई म्हनल्या, "मला वाटते. रोज वाटते."

तवा गौहरनं त्यांच्या मांडीवरच्या छत्रीवर डोकं ठिवलं आन म्हनली, व्हय.